शनिवारचे मासे

आमच्या ऑफिसच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात खाली 'इतर' नावाचा एक रकाना असतो. त्यात जेमतेम एक ओळ मावते. इतकी वर्षं मी तिथं 'काही नाही' असं लिहून मोकळा होत आलो. आता वाटतं, वरचे सगळे रकाने कोरे ठेवून तोच एक भरायला हवा होता. कारण तलाव, मासे आणि बाया एका जागी आल्या की दर पंधरा दिवसांनी आपला आ वासेल असं काहीतरी घडतं, आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मी राहतो गोंदियाला लागून कुडव्यात. एका लहानशा संस्थेत मत्स्यव्यवसायाचं काम करतो. सालेकसा स्टेशनवरून चालत जाता येईल अशा एका जुन्या तलावावर आमचा बायांचा गट आहे. चौदा जणी, बहुतेक ढिवर म्हणजे मासेमारांच्या घरांतल्या. बाहेरून आणलेल्या माशांच्या मागे न लागता तलावातले देशी मासे पुन्हा वाढवायचे आणि त्यावर घरं चालवायची, असं ठरलेलं. अध्यक्ष धुरपताबाई. पन्नाशीची, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरचे बगळे उडावेत. सचिव कविता, बारावी शिकलेली, सगळं मोबाईलमध्ये टिपून ठेवणारी.

*

पहिल्या मीटिंगला मी लॅपटॉप घेऊन गेलो. पाण्यातला ऑक्सिजन, बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं किती सोडायची, त्यांना खायला काय लागतं, असं पाऊण तास बोललो. बाया एकदम शांत. मला वाटलं, मैदान मारलं.

धुरपताबाईनं हात वर केला. "सर, तुमाले पोवता येते का जी?"

मी खरं काय ते सांगितलं. नाही येत.

"मंग एवढं मोठं शिक्षन काठावर बसूनच केलं?"

कॉलेजची चार वर्षं माझ्या डोळ्यांपुढून गेली. खरंच काठावर बसूनच केलं होतं! त्याच मीटिंगमध्ये ठरलं की सरांनी आधी पोहणं शिकायचं, त्यानंतर बाया ऑक्सिजन शिकतील. कवितानं तसा ठराव लिहिलासुद्धा. पुढचे तीन आठवडे कमरेला सुका भोपळा बांधून मी हातपाय मारत होतो आणि अख्खं गाव काठावर उभं राहून सूचना देत होतं.

*

पावसाळ्यात तलावात नवं पाणी उतरायला लागलं की गाभोळीनं भरलेले मासे उलट्या धारेनं धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत चढतात. अंडी घालायला. नेमके तेव्हाच गावातले पुरुष त्यांच्या वाटेवर बांबूचे सापळे लावतात. म्हणजे एका माशाबरोबर हजारो पिल्लं चुलीवर. हे थांबवायला मी 'प्रजनन काळ : मासेमारी बंद' असा बोर्ड लावला. आठ दिवसांनी पाहिलं तर बोर्डावर कुणीतरी जाळं वाळत घातलेलं.

धुरपताबाई म्हणाली, "बोर्ड कोण वाचते जी? मी करतो काय कराचं ते." आमच्याकडं बायाही 'मी करतो' असंच म्हणतात, आणि ही म्हणाली की ते होतंच.

दुसऱ्या दिवशी तिनं पोट टम्म फुगलेली एक मरळ धरली, परातीतल्या पाण्यात ठेवली आणि गावातल्या सगळ्या बायांना बोलावलं. हळदकुंकू लावलं. खण, तांदूळ, नारळ. माशाची चक्क ओटी भरली! मग तिला तलावात सोडून पुरुषांकडं वळून म्हणाली, "पोटुशी बाईची ओटी भरली गावानं. आता कोनाची हिंमत होते ते पाहतो."

कुणाची झाली नाही. फक्त एकाची झाली, तिच्या नवऱ्याची. त्याचा सापळा सकाळी सापडला. धुरपताबाईनं तो घरी नेला, कुऱ्हाडीनं फोडला, त्याच्यावरच चहा मांडला आणि त्यालाच पाजला. नवऱ्यानं मुकाट्यानं कप रिकामा केला, असं तीच सांगते.

*

एकदा पुण्याहून पाहुणे आले. त्यांना बायांच्या तोंडून 'शाश्वत' हा शब्द ऐकायचा होता. मी आदल्या दिवशी तयारी करून घेतली होती. कॅमेरा सुरू झाला आणि पाहुण्यांनी नेमका धुरपताबाईलाच प्रश्न केला, "शाश्वत मत्स्यशेती म्हणजे काय, ताई?"

"चार मच्छ्या धरता येतात तवा दोनच धराच्या," ती म्हणाली.

पाहुणे खूश. "वा, आणि?"

"आन घरी जाऊन सासूच्या शिव्या खाच्या."

व्हिडिओ तयार झाला तेव्हा त्यात पहिलं वाक्य होतं. दुसरं कापलं होतं, आणि खरं काम दुसऱ्यातच आहे.

कारण बायांनी सोपं काही केलं नव्हतं. तलावाचा एक मोठा कोपरा त्यांनी दोन वर्षं बंद ठेवला होता. तिथं चिखलात उतरून पाणवनस्पती लावल्या, माशांना लपायला आणि अंडी घालायला जागा केली, आणि जाळं म्हणून टाकलं नाही. त्या दोन वर्षांत कुणी दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणीला गेल्या, कुणी मोहफुलं वेचली, कुणी तेंदूपत्ता तोडला. मी सांगितलं म्हणून. पहिल्या वर्षी मासे काही दिसेनात, तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरत नसे. बाया मात्र म्हणायच्या, "धीर धरा सर, पोटातलं लेकरू बी नऊ महिने घेते."

*

दोन वर्षं झाली त्या दिवशी कोपऱ्यात पहिलं जाळं टाकलं. सगळा गाव काठावर. जाळं जड लागलं तशा बाया हसायला लागल्या. कविता मोबाईल धरून उभी.

जाळं वर आलं. देशी मासे मूठभर. बाकी सगळं काळं, गुळगुळीत, मिशाळ, हातभर लांब. वळवळत होतं आणि पाण्याबाहेरही मरायला तयार नव्हतं.

मी पाहताक्षणी ओळखलं. परदेशी मांगूर. सरकारनं बंदी घातलेला मासा. मिळेल ते खातो : अंडी, पिल्लं, बेडूक, घाण, सगळं. एकदा तलावात शिरला की दुसऱ्याला राहू देत नाही.

धुरपताबाईनं त्यातला एक गळ्याशी धरून उचलला.

"दोन साल आमी उपाशी राहिलो," ती म्हणाली, "आन हा जेवला."

कवितानं मोबाईल खाली केला.

*

मग सुरू झाला शोध. हा मासा आपण होऊन येत नाही, कुणीतरी आणून सोडावा लागतो. कुणी म्हणे पलीकडच्या गावानं सोडला, कुणी म्हणे व्यापाऱ्यानं. मी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून बोललो. ज्यानं हे केलं त्यानं तुमच्या लेकरांच्या ताटात माती कालवली, तो सापडला की त्याला पोलिसांत देणार. कवितानं शब्दन्‌शब्द लिहून घेतला आणि खाली माझी सही घेतली.

दर रविवारी घाटाच्या शेवटच्या पायरीवर झेंडूची फुलं, काळे उडीद आणि उदबत्तीची काडी सापडत होती. आम्हाला वाटायचं असेल कुणाची पूजा. शनिवारी बाया बाजाराला जातात, तलावावर चिटपाखरू नसतं.

एक दिवस गोंदियाच्या मासळी बाजारात मला तोच मासा टबात दिसला. मी विक्रेत्याला विचारलं, बंदी असून हा कोण खातं?

"खाने को कम, छोड़ने को ज्यादा जाता है, साहब," तो म्हणाला. "पंडित बोलता है, जिंदी मछली छोड़ो, जीवदान दो. अब बजार में जिंदी तो यहीच रहती है. बाकी सब बरफ में आती है."

मी तिथल्या तिथं एका रिकाम्या क्रेटवर बसलो. शत्रू शोधत होतो आम्ही, आणि इथं कुणीतरी पुण्य करत होतं!

*

मी हे सांगताच बायांना पायरीवरची फुलं आठवली. त्या शनिवारी सात-आठ जणी बाजाराला गेल्याच नाहीत. झाडाआड बसल्या. दुपारी बाराला धुरपताबाईचा फोन आला.

"सर, सापडली. म्हातारी हाय. पायरीवर दम लागला तिले, म्हणून घरी आणून बसवलो."

"मासे सोडले का?"

"नाई, कॅनमंदीच हायेत."

"मी पोलिसांना कळवून निघतो."

"पोलीस नोको जी. तुमी एकटे या." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आन गाडी हळू चालवजा."

रस्ताभर मी भाषणाची तयारी केली. बंदीचा सरकारी कागद बॅगेत होता, ठराव होता, जाळ्याचे फोटो होते. म्हातारी असली म्हणून काय झालं, चौदा घरांची दोन वर्षं खाल्ली होती तिनं.

धुरपताबाईच्या ओसरीत बाजेवर बसून, बशीत चहा ओतून फुंकत होती ती माझी आई.

मी गाडीचा स्टँड लावायला विसरलो. गाडी आडवी झाली.

"तू कायले आला?" आई म्हणाली. "कोनाले सांगतलं तं उपायाचा गुन जाते म्हणे."

दर शनिवारी आई देवळात जाते एवढंच घरात माहीत होतं. ती जात होती पॅसेंजर गाडीनं, पायात गुडघेदुखी आणि हातात पाच लिटरची कॅन घेऊन. जन्मात मासा न खाल्लेली बाई. मरळ कुठली आणि मांगूर कुठला, तिला सारखेच.

"मांगच्या साली तू ताटावरून अर्ध्यात उठत होता," ती बायांसमोरच सांगायला लागली. "तलावात मासे होऊन नाई राहिले म्हणे. मंग महाराजानं सांगतलं, शनवारी जिते मासे सोड. म्या म्हटलं, सोडाचेच हायेत तं पोराच्याच तलावात सोडतो. दुसऱ्याचा कायले भरू?"

"किती सोडले?" मी विचारलं.

"दर शनवारी पाच. एक शनवार चुकवला नाई रे."

बाया माझ्याकडं पाहत होत्या. त्यांच्यातल्या कुणीही एक वाक्य बोललं असतं तरी ते खरंच असतं. मला आईची लाज वाटली, आणि तशी वाटली याची तिच्याहून जास्त लाज वाटली. मी बॅगेची चेन उघडली, काय काढणार होतो देव जाणे, आणि म्हणालो, "आई, हे मासे..."

"सर, तुमी आधी गाडी उचला," धुरपताबाई म्हणाली. "पेट्रोल सांडून राहिलं."

मग ती आईजवळ गेली. "माय, पायऱ्यायवर शेवाळ हाय. द्या इकडं, तुमच्या नावानं मी सोडतो."

आईनं विश्वासानं कॅन दिली. धुरपताबाई ती घेऊन निघाली. तलाव घराच्या पुढं आहे. ती मागच्या दारानं गेली.

थोड्या वेळानं मागच्या अंगणातून ठक्, ठक् असा आवाज यायला लागला. कवितानं झटकन मोबाईलवर भजन लावलं, चांगलं मोठ्यानं. आई मांडीवर हलकेच ताल धरायला लागली.

धुरपताबाई परत आली तेव्हा कॅन स्वच्छ धुतलेली होती आणि ती पदराला हात पुसत होती. "सोडलो, माय."

आईनं तिला हात जोडले. "तुमचे लय उपकार झाले, बाई. आता माह्या पोराचं भलं होईन."

"होईन जी. दर शनवारी येत जा. पन घाटावर नोका जाऊ, माह्याच हाती देत जा."

आईनं मान डोलावली. मी तिला धरून गाडीवर बसवलं, किक मारली. तेवढ्यात मागून धुरपताबाईची हाक आली.

"आन माय, पुढच्या बारीले जरा मोठे पाहजा."