बोरीच्या गेनूभाऊंचा वेगळा प्रीॲम्प

"नवी पेटी जोडली, तरी आवाज तसाच. हिरीतून आल्यावाणी," गेनूभाऊ म्हणाले.

जुन्नरहून बोरी बुद्रुकला माझी ही चौथी खेप. गेनूभाऊ एसटीचे रिटायर ड्रायव्हर. हौसेनं माझ्याकडून स्टिरिओ बनवून घेतला होता: टेपडेक, ॲम्प, दोन स्पीकर. वर्षभर खूश होते. मग बायको गेली, आणि दोनेक महिन्यांत सेटबद्दल तक्रार सुरू झाली. कुणीतरी त्यांना सांगितलं, वेगळा प्रीॲम्प लावा.

टेपमधून निघणारा आवाज अगदी बारीक असतो. प्रीॲम्प तो उचलतो, बास-ट्रेबल लावतो. पॉवर ॲम्प त्याला स्पीकर हलवायची ताकद देतो. घरच्या सेटमध्ये दोन्ही एकाच पेटीत असतात, आणि तेवढं पुरतं. हे मी सांगितलं होतं. पण गिऱ्हाईक ऐकेना, आणि खरं सांगायचं तर मलाही नवीन काही बनवायची खाज. म्हणून ही नवी पेटी.

"उस्मानभाई, जमत नसंल तर सेट घिऊन जा. संध्याकाळ ह्याच्यावरच निघायची माझी. आता लावला की घर खायाला उठतं."

नाचक्की गेली खड्ड्यात, पण सेट नेला तर हा माणूस दिवेलागणीला करणार काय?

आवराआवर करताना हातातला स्क्रू-ड्रायव्हर फरशीवर पडला. सगळी खोली घणघणली. मी टाळी वाजवली. तीही भिंतींवर आपटून परत आली.

"भाऊ, इथं दांडीवर गोधड्यांची चळत होती ना?"

"व्हती. समद्या हिनं शिवलेल्या. तेराव्यानंतर सुना, लेक, भाच्या आठवण म्हणून एकेक घिऊन गेल्या. मोकळी दांडी मीच काढली."

"आणि तुम्हाला?"

"मला कुणी इचारलं न्हाई. मीबी बोललो न्हाई."

गोधड्या आवाज पितात. उघड्या भिंती तो परत फेकतात. मशीन पहिल्यापासून ठणठणीत होतं. चार खेपांत मी प्रत्येक स्क्रू उघडला, खोलीकडे मात्र मान वर करून पाहिलं नाही.

"मागवून घ्या दोन-तीन."

"नेलेली आठवण माघारी मागू व्हय?"

शेवटी मीच एसटीडी बूथवरून त्यांच्या लेकीला फोन लावला. टेक्निकल कारण सांगितलं, बाकी काही बोललो नाही. दोन दिवसांनी ती सगळ्यांकडून गोळा केलेल्या गोधड्या घेऊन आली आणि चार दिवस राहिली.

पुढच्या आठवड्यात मी माझी पेटी परत आणायला गेलो. दांडी पुन्हा बसवली होती. आवाज स्वच्छ, एकदम जागेवर.

"लेक व्हती तवर सेट लावलाच न्हाई," गेनूभाऊ म्हणाले. "काल ती गेली, मग लावला. लई झ्याक वाजतो राव."

तर घरच्या स्टिरिओला वेगळा प्रीॲम्प लागतो का? बहुतेक वेळा नाही. आधी खोली बघावी. खोलीत बोलायला माणूस असलं तर स्टिरिओसुद्धा लागत नाही, पण असं गिऱ्हाइकाला सांगून दुकान चालत नाही.