गुणवंताची बिअर

सौंसरच्या बसस्टँडामागं गुणवंताचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. संत्र्याच्या बागांतल्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या आणि चांगल्या होऊन जायच्या. घर चालत होतं. एवढ्यावर माणसानं गप राहावं की नाही? पण हा कसला राहतो! ऐन उमेदीत नागपुरात, अजनीला एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरच्या घरी भाड्यानं राहिला, आणि त्या म्हाताऱ्यानं याला दोन नाद लावले. एक इलेक्ट्रिक गिटारचा आणि दुसरा घरी बिअर करायचा. तिसरा लावला असता तर विजयमालानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला घराबाहेरच काढलं असतं.

श्रावण लागला की घरात जव भिजत पडायचे. पोत्यावर पसरून त्यांना मोड आणायचे, ऊन सापडेल तसे वाळवायचे, तव्यावर परतायचे, भरडून उकळायचे. ड्रायव्हर त्यात कडूपणासाठी कुठलीशी विलायती फुलं टाकायचा. ती सौंसरात कुठून येणार? गुणवंतानं किराणा दुकानातला चिरायता टाकून पाहिला, वर वाळलेली संत्र्याची साल. बेकरीतलं खमीर घालून माठात मुरवायची आणि बाटल्या विहिरीजवळच्या ओल्या रेतीत पुरायच्या. महिनाभर त्याचा जीव त्या रेतीतच असायचा. आणि खरं सांगतो, चव चांगली होती. पण ती घोट घोट घ्यावी लागे, आणि आपल्याकडे घोट घोट फक्त चहा घेतात.

गाण्याचं तर विचारूच नका. कर्कश गिटार, स्वतः जुळवलेला स्पीकर, आणि इंग्रजी गाणी जी त्यालाही अर्धीच कळत. लोक म्हणत, "गुणवंताची मोटार जळली वाटते." शेवटी त्यानं आपल्याच बोलीत एक गाणं बांधलं. रात्री पिकाला ओलीत करताना ऐन वेळी विजेची लाइन जाते, वाफा अर्धा कोरडा राहतो आणि माणूस अंधारात नळीचं तोंड धरून उभा असतो, असं गाणं. ते नवरात्रात शारदा मंडळाच्या मंचावर म्हणायचं, गावानं एकदा तरी नीट बसून ऐकायचं, एवढंच त्याला पाहिजे होतं. बाकी देवानं काही दिलं नसतं तरी चाललं असतं.

मंडळाचा अध्यक्ष श्रीकांत. शहाऐंशी सालच्या पोळ्याआधी तो दुकानात आला तेव्हा गुणवंतानं विषय काढलाच. श्रीकांत म्हणाला, "अबे, पयले आमाले तं ऐकव! करीच्या दिवशी जेवाले बोलाव. पसंत पडलं तं अष्टमीचा दिवस तुहा."

पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, आपल्याकडे मटणाचा. अर्धं गाव पांढुर्ण्याला गोटमारीला, दगडफेकीच्या जत्रेला, गेलं होतं, उरलेलं गुणवंताच्या अंगणात. पाऊस उघडला होता, बांधावर कासाचं पांढरं गवत फुललं होतं. चुलीवर खसखस-खोबऱ्याचा मटणाचा रस्सा रटरटत होता, विजयमाला ज्वारीच्या भाकरी थापत होती. पाहुण्यांत मटण न खाणारं कोणी असेल म्हणून गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजीही होती. घास असा की मेलेला उठून बसावा!

गुणवंतानं बाटल्या फोडून माठात ओतल्या, माठातून ग्लास भरले, फेस चढला. श्रीकांतनं एका दमात ग्लास रिकामा केला आणि तोंड वाकडं केलं. "हा तं काढा व्हय बे! ताप आल्यावर दे."

सगळे हसले. दुसरा म्हणाला, "चढत तं काहीच नाही." गुणवंताचं तोंड एवढंसं झालं. "भाऊ, हयूहयू घ्या, गाणं ऐकता ऐकता घ्या," असं काहीतरी पुटपुटत तो स्पीकर लावायला आत गेला. वायर तुटली होती, ती जोडण्यात बराच वेळ गेला.

बाहेर आला तर अंगणाचा रंगच वेगळा! लोक ग्लास पुढं करून राहिले होते, "आन बे, अजून आन!" त्यानं गिटार छेडली आणि माणसं उठून नाचायला लागली. लाइन जाण्याच्या गाण्यावर तर श्रीकांतनं डोक्यावरची टोपी उडवली, गुणवंताला मिठी मारली. "अष्टमीले तूच! लिहून घे!" गुणवंताच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपलं गाणं लागलं लोकांना, लागलं एकदाचं!

मग महिनाभर त्यानं दुकानाकडे पाहिलं नाही. लोकांच्या मोटारी पडून राहिल्या आणि हा मागच्या खोलीत तेच गाणं घोटत बसला. नवा सदरा शिवला. विजयमाला काही म्हणायला यायची आणि चहा ठेवून परत जायची.

घट बसले त्या दिवशी श्रीकांत आला. "गुणवंता, अष्टमीले दोन डबे बिअर पायजे. नागपूरचा ऑर्केस्ट्रा बोलावला, त्या लोकायसाठी. मंचामागं ठेवजो. पण करीले होती तशीच पायजे बरं!"

"आन माह्या गाण्याचं?"

"कोनचं गाणं?" श्रीकांतनं विचारलं. थट्टा नव्हती. त्याला खरंच आठवत नव्हतं.

तो गेला. गुणवंता दारातच उभा राहिला. मग स्वतःशीच म्हणाला, "बिअर तं आवडली ना लोकायले. तेही काही कमी नाही." आत उभ्या विजयमालाला ते ऐकवेना.

"ते बिअर नव्हती जी," ती म्हणाली. "भिवाजीनं, माह्या भावानं, सणासाठी मोहाची दारू आणली होती. तुमी आत वायर जोडून राहिले होते आन लोकं तुमाले हसून राहिले होते. माह्याच्यानं पाहवलं नाही. माठात मीच मोहाची ओतली, अर्ध्याला अर्धी."

गुणवंता उंबऱ्यावरच बसला. रागवावं तर कोणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

"तुले तरी गाणं कसं वाटलं?" त्यानं विचारलं.

"खोटं काय सांगू? सत्तर भाकरी थापून राहिली होती मी. स्पीकरचा आवाज येत होता, बोल कळले नाही."

तो जेवायला बसला, एक भाकर खाल्ली आणि उठला. अष्टमीला, उरलेल्या बिअरमध्ये मोहाची घालून केलेले दोन डबे मंचामागं पोचते झाले. नवा सदरा घालून त्यानंच पोचवले. नाही म्हणायची धमक नव्हती आणि अध्यक्षाच्या बागेची मोटारही महिनाभर दुकानात तशीच पडून होती.

पुढं त्यानं जव भिजवले नाहीत. गिटार कुठं गेली, तो सांगत नाही. पण करीच्या दिवशी लोक हक्कानं येतात. सौंसरात गिटारवाला गुणवंता विचारा, कोणी ओळखणार नाही. बिअरवाला म्हणा, कोणीही थेट अंगणात आणून सोडेल. गुणवंता स्वतः ग्लास भरून देतो. "कशी आहे?" म्हणून विचारतोही. लोक म्हणतात, "वा, तुह्या हातची सर नाही कोणाले!" आणि तो मान हलवतो. त्या ग्लासात नुसती मोहाची असते.