रेस लई दिली

गाड्यांचे आवाज मला जन्मतः कळतात असं म्हटलं तर ती फुशारकी होईल. पोटासाठी शिकावे लागले. पाथर्डी ते नगर मी बरीच वर्षं काळी-पिवळी जीप चालवली. डिझेलची ती जीप थंडीच्या दिवसात सकाळी म्हाताऱ्या माणसासारखी उठायची. आधी खोकायची, धूर टाकायची, सगळं अंग हलवायची. एकदा तापली की मात्र दिवसभर तक्रार नाही. करंजीचा घाट चढताना तिचा आवाज जड व्हायचा, माथ्यावर पोचलो की मोकळा. एसटी लांबूनच ओळखू यायची, कारण इंजिनाच्या आधी तिच्या खिडक्या वाजायच्या. उसाचे दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर नुसता आवाजावरून सांगायचा, की मी काही बाजू देणार नाही, तूच खाली उतर.

पेट्रोलच्या गाड्यांवर माझा फार दिवस विश्वास बसला नाही. चालू आहे की बंद, हेच कळायचं नाही. मनातलं न बोलणाऱ्या माणसासारख्या वाटायच्या. मी स्वतः तसाच आहे, म्हणून असेल.

आता जीप नाही. नगरला लागूनच्या केडगावात माझं स्पेअर पार्टचं छोटं दुकान आहे आणि दारात एक जुनी, पांढरी, पेट्रोलची लहान गाडी. गेल्या वर्षी बायको म्हणाली, "मला गाडी शिकायचीय."

मी हातातला चहा खाली ठेवला. वीस वर्षांत हा विषय तिनं काढला नव्हता.

"आई तिकडं एकटी हाय," ती म्हणाली. तिचं माहेर पाथर्डीच्या पलीकडं, एका वाडीवर. "दर येळी तुमच्या दुकानाची सुट्टी बघून आईला भेटायचं का मी?"

केडगावात एक बाई बायकांना गाडी शिकवतात. तिथं ती जाऊ लागली. पंधरवडा झाला तरी गाडी काही पुढं सरकेना. एक दिवस मी दुकानातून येताना त्या शिकवणाऱ्या बाई भेटल्या. म्हणाल्या, "दादा, ताईंचं स्टेरिंग छान हाय, नजर छान हाय. पण त्या रेसच देत नाहीत. गाडी मागती, या देत नाहीत, गाडी बंद पडती. मी म्हणते, ताई, दाबा की, ती काय रुसत न्हाई. तर पाय असा उचलतात, जसं निखाऱ्यावर पडलाय."

मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तिचा पाय का उचलला जातो हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं.

त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "उद्यापासून न्हाई जात मी. माझ्या हाताला यश न्हाई. पुन्यांदा एक इंजिन फोडायचं का?"

हे 'पुन्यांदा' कुठून आलं ते सांगतो.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली होती. दिवाळी झाली की आमच्या भागातली माणसं ऊसतोडीला निघतात. कोणी ट्रकनं, कोणी ट्रॅक्टरनं, आणि मागं राहिलेली म्हातारी-कोतारी, पोरं, बोचकी जीपनं. जीपवाल्यांचे तेच दिवस. त्याच दिवसात माझ्या जीपच्या पोटातून टक टक ऐकू यायला लागलं. बाकी कुणाला कळलं नसतं. मी पहाटे बॉनेट उघडलं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मेकॅनिक लोक असंच ऐकतात, डॉक्टर नळी लावतात तसं. आवाज खालून, क्रँकच्या बेअरिंगमधून येत होता. म्हणजे गाडी उभी करा, इंजिन खोला. मी खोललं नाही. जाड ऑइल ओतलं. जाड ऑइलनं दुखणं बरं होत नाही, नुसता आवाज दबतो. सीझन संपला की बघू, म्हटलं.

त्याच आठवड्यात ती म्हणाली, "मला बी शिकवा की जीप." मी नव्या उत्साहाचा नवरा. गावाबाहेर पडीक रान होतं, तिथं नेली. ती स्टेरिंगवर बसली, पदर खोचला, आणि खरं सांगतो, माझ्यापेक्षा हलक्या हातानं क्लच सोडला तिनं. जीप चालली. ती मोठ्यानं हसली. तसं हसताना मी तिला नंतर फारसं पाहिलं नाही. "अवो, चालतीय की!" म्हणाली आणि आनंदाच्या भरात रेस दिली.

खालून धाडकन आवाज झाला. इंजिनातला रॉड तुटून ब्लॉकची लोखंडी भिंत फोडून बाहेर आला होता. मातीवर काळं तेल सांडलं. आसपासच्या रानातली माणसं जमली. एक म्हणाला, "बाईच्या हातात दिली व्हय गाडी?"

मी म्हणालो, "रेस लई दिली तिनं."

एवढंच बोललो. चूक तेव्हाच्या तेव्हा सुधारता आली असती, पण माणसं हसली आणि मला बरं वाटलं. जीप कितीतरी दिवस गॅरेजला पडून राहिली. सीझन गेला. ती मला रोज म्हणायची, "माझ्या हातून झालं." मी नाही म्हणालो नाही. पुढं तर लग्नाकार्यात पंगतीला बसलो की मीच गोष्ट रंगवायचो, "आमच्या हिनं इंजिन फोडलं, ऐका." ती वाढता वाढता ओशाळं हसायची.

तर त्या रात्री ती 'न्हाई जात' म्हणाली, आणि मी झोपलो नाही. सकाळी म्हणालो, "आज मी येतो. मैदानावर जाऊ."

केडगावच्या मागं प्लॉट पाडलेलं मोकळं मैदान आहे. ती स्टेरिंगवर बसली, मी शेजारी. किल्ली फिरवली. लगेच विचारलं, "हा आवाज बरोबर हाय ना?"

"तुझ्या हातून नव्हतं झालं," मी म्हणालो.

"काय?"

सगळं सांगितलं. स्क्रू ड्रायव्हर, जाड ऑइल, सगळं. समोरच्या काचेकडं बघून सांगितलं. तिच्याकडं बघायची छाती नव्हती.

गाडी नुसती चालू होती.

"म्हंजी मी बसायच्या आधीच ती गेल्ती?"

"व्हय."

"आन तुमाला म्हाईत हुतं."

"व्हय."

"लांबून आलेली एसटी वळखता तुमी. मला वाटायचं, एवढ्या कानाच्या माणसाला आधी आवाज आला नसंल, असं कसं? मग मीच म्हनायचे, न्हाई, माझंच चुकलं." ती थांबली. "पंगतीत बसून दात काढायचा तुमी."

तिनं माझ्या बाजूच्या दाराकडं बोट केलं.

"उतरा," ती म्हणाली.

मी उतरलो. तिनं दार ओढून घेतलं आणि रेस दिली. पहिल्या गिअरमध्ये ते लहानसं इंजिन असं किंचाळलं की मैदानातली कुत्री उठून पळाली. धुरळा उडवत एक चक्कर. दुसरी चक्कर. मी मध्यभागी उभा. सवयीनं कान लावून ऐकत होतो, कुठं टक टक आहे का. नव्हतं. तिसऱ्या चकरेला तिनं दुसरा गिअर टाकला आणि आवाज सैल झाला.

माझ्याजवळ येऊन थांबली. काच खाली केली. डोळे लाल होते, पण हनुवटी वर.

"काय आवाज आला का?"

"न्हाई."

"खरं?"

"खरं. ठणठणीत हाय."

"मग बसा. मागं बसा."

मागं बसलो. घरापर्यंत गाडी तिनंच आणली. नंतर बरेच दिवस ती कामापुरतंच बोलायची, आणि ते तिचं बरोबर होतं. पण क्लास सुटला नाही. लायसन्स आलं.

उन्हाळ्यात तिच्या भाच्याचं लग्न निघालं. ती गाडी चालवत गेली, करंजीचा घाट तिनंच चढवला. पंगतीत मेव्हण्यानं हमखास विचारलं, "काय दाजी, जिवंत आलाव? इंजिन शाबूत हाय ना?" सगळे हसले. ती वाढायला उभी होती, हातात बुंदीचं ताट. माझ्याकडं बघत थांबली.

मी ती गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी खरी, आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात. मेव्हणा घास हातात धरून बसला. सासूबाई मागून म्हणाल्या, "एवढी वर्सं दाबून ठिवलं व्हय, पाव्हणं?" बायकोनं माझ्या ताटात बुंदी वाढली आणि पुढं गेली.

आता महिन्यातून दोनदा ती एकटीच आईकडं जाते. संध्याकाळी मी दुकान आवरत असतो. पुणे रोडवर गाड्यांची रीघ असते, तरी त्यातून आमची गाडी वळली की मला कळतं. दुसऱ्या गिअरमध्ये ती जरा जास्तच ओढते, रेस लई देते. त्यानं इंजिनाला काही होत नाही. तिनं विचारलं तर तसंच सांगेन.