याडीचा बारीक आवाज

याडी इतक्या हळू गायची की दारव्ह्याच्या माझ्या स्टुडिओत ती आली की आधी पंखा बंद करावा लागे. स्टुडिओ म्हणजे मोठा शब्द झाला. एक खोली, भिंतीला गाद्या, एक कॉम्प्युटर आणि एक बरा माइक. "पंखा बंद कर बापू, मले माहाच आवाज आयकू येऊन नाही राह्यला," असं म्हणून ती खुर्चीऐवजी खाली बसे. मग माइकच तिच्यापर्यंत खाली आणावा लागे.

बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. अख्खा तांडा तिला याडीच म्हणे, म्हणून मीही. लग्न ठरलेल्या मुलींना ढावलो शिकवणं हे तिचं काम. सासरी निघताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. तो कुठे लिहिलेला नसतो, बाईकडून बाईकडे जातो. याडीची नात पुण्याला शिकायला होती. तिला शिकायला मिळावा म्हणून याडीला तो रेकॉर्ड करून हवा होता.

मी म्हणालो, "याडी, जरा जोरात म्हण." तिने माझ्याकडे मी अगदीच बावळट असल्यासारखं पाहिलं. "पोरगी गळ्यात पडून राह्यली, अन् तिच्या कानात बोंबलते काय कोणी?"

चोवीस बिटवर, म्हणजे बारीकात बारीक आवाजही टिपला जाईल अशा दर्जात रेकॉर्डिंग केलं. कडव्याच्या शेवटी तिचा आवाज अगदी श्वासाएवढा उरायचा, तोही स्वच्छ आला. पडद्यावरची बारीक रेघ पाहून ती हसली. "माहा आवाज तं मुंग्यायची रांग दिसते." मी आजवर केलेलं सगळ्यात चांगलं काम ते होतं, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात ती पेनड्राइव्ह न्यायला येणार होती. मधे गणपती आले. डीजेवाल्यांची गाणी करता करता डिस्क भरली. मग मी नेहमीचा धंदा केला. जुनी सगळी कामं आठ बिटवर बाउन्स केली, म्हणजे कमी जागेत मावणाऱ्या हलक्या प्रती काढल्या, आणि मूळ ट्रॅक पुसून टाकले. डीजेच्या दणदणाटात आठ बिट काय नि चोवीस काय, कुणाला कळत नाही. त्या ढिगाऱ्यात याडीचा ढावलो गेला. आठ बिटच्या चाळणीची भोकं मोठी. मोठा आवाज वर राहतो, बारीक आवाज गळून जातो आणि त्याच्या जागी खरखर उरते.

याडी आली तेव्हा दोन डीजेवाले खोळंबले होते. मी फाइल लावली. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "बापू, हे खरखर कायची?"

माझी चूक झाली, पुन्हा गा, एवढंच म्हणायचं होतं. तिने गायलंही असतं. पण त्या दोघांसमोर मला लाज वाटली. मी म्हणालो, "आवाज थकते याडी. वय झालं न तुहं."

"असं काय," ती म्हणाली. "मले तं समजलंच नाही." पेनड्राइव्ह तिने नेला नाही. "असा आवाज पोरीले नको देऊ," म्हणाली आणि जीपसाठी लवकर निघाली.

दीड वर्षाने नातीचं लग्न झालं. मला आमंत्रण होतं. निघताना नात याडीच्या गळ्यात पडली. तिला ढावलो येत नव्हता, ती नुसतीच रडत होती. बायका म्हणाल्या, "याडी, तू म्हण न." याडीने मान हलवली. "माहा आवाज फाटला बाई. याच्या मशीनवर आयकला म्या," असं म्हणून तिने माझ्याकडे बोट केलं, अगदी मायेने. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

नात न गाताच गाडीत बसली. त्या हिवाळ्यात याडी गेली. तिचा आवाज शेवटपर्यंत शाबूत होता, हे तांड्यात कुणालाच माहीत नाही. याडीलाही नव्हतं.