हिरव्या कळांचा कॉम्प्युटर

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी आरे-वारेच्या किनाऱ्यावर पाहुण्यांना किस्सा सांगत होतो. शेवट तोंडावर आला होता, पाहुणे हसायच्या तयारीत... मी फोन खिशात टाकला, किस्सा पुरा केला, हशा वसूल केला आणि मग बातमी सांगितली. असा मी माणूस.

विलास याच्या अगदी उलट. मिरकरवाड्यात होड्यांवरची वायरलेस यंत्रं दुरुस्त करायची आणि संध्याकाळी घरी येऊन एका डेटाबेसमध्ये डोकं घालायचं. जुने गेम जमवणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींनी तो इंटरनेटवर उभा केलेला. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचे ते घरगुती कॉम्प्युटर आणि त्यांचे कॅसेटवरचे गेम. कुठला गेम कुठल्या मॉडेलवर चालतो ते तपासून प्रत्येक मॉडेलला त्याच्या खान्यात बसवायचं, हे विलासचं बिनपगारी काम. "दोन्ही सारखेच तर दिसतात रे," मी एकदा म्हटलं. "मेमरी वेगळी आहे. बांगडा नि तारली एका पाटीत घालशील? आई हाणील तुला!" त्याची आई मासे विकायची. निवडायची शिस्त तिचीच.

मला राहवेना. बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या काकांनी आखातातून कॉम्प्युटर आणला होता, अशी गोष्ट मी रचली. अरबी अक्षरं, हिरव्या रबरी कळा! खरं तर काकांनी आणला होता तो रेडिओ. वाटलं, विलास म्हणेल, "चल, फेकू नको." त्याने वही काढली. "कळा किती ओळींत होत्या?" "चार." मजा वाटली हो मला! वर्षभर तो विचारत राहिला, मी रंगवत राहिलो. त्याने त्या मॉडेलसाठी नवा खाना उघडला. परदेशातल्या संपादकांनी पुरावा मागितला. याने कळवलं, माझ्या मित्राने स्वतः वापरलाय, तो खोटं बोलणार नाही. त्यांनी खाना पुसला, मग याच्या बाकीच्या नोंदींवरही संशय घेतला आणि बदल करायचा हक्कच काढून घेतला. अकरा वर्षांचं काम... विलास तणतणत माझ्याकडे आला. "तुला खोटा म्हणतात मेले!" तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहा पीत राहिलो.

पुढे तो आजारी पडला, तेव्हा दवाखान्यात मात्र खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. नाकात नळी, आवाज खोल गेलेला. मला बघून त्याचा चेहरा उजळला. "बरं झालं आलास. चालू करायचं बटण... बाजूला होतं की मागे?" "मागे," मी म्हटलं. त्याने समाधानाने डोळे मिटले.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी, विलासच्या बायकोने, घरी बोलावलं. टेबलावर त्याचा कॉम्प्युटर चालू होता. जगाने पुसलेला खाना त्याने डेटाबेसच्या स्वतःकडच्या प्रतीत जपून ठेवला होता. सगळ्यात खाली लिहिलेलं, बटण मागे. "ते मी घातलं," वहिनी म्हणाल्या, "दवाखान्यातून फोनवर सांगितलंन मला." शेजारी एक चौकोन रिकामा होता. "भावोजी, तुमच्या काकांच्या पेटीत फोटो असेल म्हणायचे हे. मिळाला की द्या. तेवढीच जागा राहिलीय बघा."

"शोधतो," मी म्हटलं.

हे ज्या पुरवणीत छापून आलंय, ती वहिनी दर रविवारी पहिल्या पानापासून वाचतात. आज दिवसभर मी घरीच आहे.