नातीनं मॅडमले आधी विचारलं, म्हणून काम मिळालं

मी सांगून राह्यली, नात टाइप करून राह्यली. मले अक्षर येत नाई, म्हणून चुका तिच्या.

माझी नात प्रणाली बांबूवर पीएचडी झाली. मंग वर्षभर पोस्टडॉक शोधत होती, म्हणजे पीएचडीनंतरचं विद्यापीठातलं संशोधनाचं काम. रोज सकाळी मोबाइल पाहे, जाहिरात नाई म्हणे, अन् तोंड पाडून बसे.

दिवाळीनंतर मी विचारलं, "ज्याच्या हाताखाली काम करायचं, त्याले विचारलं काय?"

"आजी, तसं नसते. जाहिरात निघाल्यावर अर्ज करतात."

"आम्ही धानाच्या रोवणीचं काम मागाले जाहिरात पाहत होतो काय वं? ज्याच्या धानाच्या शेतात, बांधीत, चिखल झाला दिसला, त्याच्या दारी जाऊन विचारत होतो, बाया पाहिजे काय म्हणून."

ती हसली. पण बांबूवरच काम चालू असलेल्या एका मॅडमले तिनं पत्र लिहिलं. त्यांच्याकडे एक जागा निघणारच होती. मंग अर्ज झाला, मुलाखत झाली, अन् आज दुपारी निवडीचं पत्र आलं. माझा जीव भांड्यात पडला.

"आजी, तुले कसं सुचलं?"

"मले काम मागाची लाज कधी वाटली नाई. तुले शिकून वाटाले लागली."

हे वाक्य तिनं गाळलं होतं. वाचून दाखव म्हटलं, तवा घातलं.

तुमच्या घरीही कोणी शिकलेलं जाहिरातीची वाट पाहून राह्यलं काय? त्यानं अजून कोणाकोणाले काम विचारलं नाई, तेवढं त्याले विचारून पाहा.