रिपोर्टमधला आकडा

चुलतभाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. आंबागडला आमची दोन घरं एकाच अंगणात. पण धानाचं पोतं उचलायची वेळ आली की माझे बाबा हाक मारायचे ती त्याला. मी शेजारी उभा असलो तरी. पाऊण क्विंटलचं पोतं तो पाठीवर घ्यायचा आणि कोठीत नेऊन टाकायचा. मी पोत्यांची तोंडं शिवायचो. चौतीस वर्षांचा बाप्या, हातात दाभण आणि सुतळी.

म्हणून मी तुमसरला जिम लावली. दोन वर्षं, रोज सकाळी ड्युटीच्या आधी. अंडी, पनीर, डब्यातली पावडर, सगळं करून पाहिलं. मग एक दिवस त्यालाही यावंसं वाटलं. सहा महिन्यांत त्याचे खांदे शर्टात मावेनात. खायचा काय, तर भात आणि लाखोरीचं वरण! जिमवाल्याने त्याचा फोटो काढून आरशाशेजारी लावला. आरशात माझे दंड बघायला गेलो की आधी तोच दिसायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्याच्या खांद्यांमागचं कारण मला मोबाइलवर सापडलं. टेस्टोस्टेरॉन. ते ज्याच्या रक्तात जास्त, त्याचे स्नायू आपोआप वाढतात, असं तिथे जो तो छातीठोकपणे सांगत होता. मला हायसं वाटलं. म्हणजे दोष माझा नव्हता, त्याला देवाने फुकटात दिलं होतं. आता तेवढं कागदावर हवं होतं.

"चाल, दोघंही तपासून घेऊ," मी म्हणालो. तो काही न विचारता आला. सकाळी उपाशीपोटी दोघांनी रक्त दिलं.

रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो. माझा आकडा त्याच्याहून जास्त होता.

अदलाबदल तर नाही ना झाली, असं मी लॅबवाल्याला दोनदा विचारलं. तो म्हणाला, दोघांचंही नॉर्मल आहे, एवढ्या फरकाने काही होत नसतं. चुलतभाऊ पोरवयापासून पोत्यांखाली वाकत आला होता आणि मी जिममध्ये दोन सेटच्या मधे पंधरा मिनिटं फोन बघत बसायचो. ते त्या कागदावर कुठून येणार? हे मला तिथेच कळलं. तरी घरी येऊन मी त्याला एवढंच सांगितलं, "तुहा कमी आला. माह्याहून कमी."

"कमी म्हंजे?"

"मर्दाचं हार्मोन असते ते."

नॉर्मल हा शब्द मी गिळला. नाकाडोंगरीला त्याची सोयरीक ठरली होती, उन्हाळ्यात लग्न होतं. त्याचा चेहरा पडला, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

त्याने जिम सोडली. होणाऱ्या बायकोचा फोन आला तरी उचलेना. पंधरा दिवसांनी धानाची चुरणं-मळणी आटोपली, अंगणात पोती लागली. बाबांनी नेहमीसारखी त्याला हाक मारली. तो जागचा हलला नाही.

"मोठेबाबा, माह्यात ताकद कमी हाय. रिपोर्टमधी आलं."

बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग तू ये."

याच हाकेसाठी मी दोन वर्षं लोखंड उचललं होतं. दाभण खाली ठेवलं, वाकलो, पोतं पाठीवर घेतलं. चार पावलांत पोतं एका बाजूला कलंडायला लागलं. मग एकाएकी ओझं हलकं झालं. मागून त्याने हात लावला होता. कोठीपर्यंत त्याने तो काढला नाही.

आत पोतं टाकल्यावर म्हणाला, "पाह्य दादा, तुह्यात जास्त हाय म्हनून उचललं. मले तं लगन करावं का नाही, तेच समजून नाही राहिलं."

तेव्हा मी सांगितलं. तुझं नॉर्मल आहे, पहिल्या दिवसापासून नॉर्मलच होतं, आणि मला माहीत होतं.

"काहून केलं असं, दादा?"

"बाबा मले हाक नव्हते मारत," मी म्हणालो.

तो बाहेर गेला आणि एकेक पोतं आत आणू लागला. मी पुन्हा शिवायला बसलो. शेवटचं एक राहिलं तेव्हा तो बाबांना म्हणाला, "हे दादाले उचलाले सांगा."

बाबांनी मला हाक मारली. शिवायला एकही पोतं उरलं नव्हतं, तरी मी खाली मान घालून दाभणात सुतळी ओवत राहिलो.